मुंबईची तहान आणि शहापूरचे हंडे

बुद्ध पौर्णिमेचा कार्यक्रम आटोपला आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी, २०२४ च्या मे अखेरीस, आम्ही मंडळाचे अकराजण तानसा धरण पाहायला निघालो. पाच महिला, चार पुरुष आणि दोन शाळकरी मुली. सहलीसाठी माथेरान, एलिफंटा अशी नावेही पुढे आली होती. परंतु वस्तीत त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता. महापालिकेने ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के पाणीकपात जाहीर केली होती. सातही तलावांतला साठा दहा टक्क्यांच्या खाली गेला होता. नळावर रांग, रांगेत भांडण आणि भांडणाचा शेवट ठरलेल्या वाक्याने, "माणसंच एवढी वाढली, पाणी पुरणार कुठून?" बोलणारा हे म्हणताना स्वतःला त्या माणसांत धरत नाही, हेही ठरलेलेच. आमच्या महिला मंडळाच्या एक ताई म्हणाल्या, "नळाखाली भांडून काय होणार? हे पाणी येतं कुठून, ते तरी एकदा बघू." ठराव एकमताने मंजूर झाला.

कुर्ल्याहून पहाटेची कसारा लोकल धरली. रविवारचा मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत कल्याण गाठलेले बरे, हे मध्य रेल्वेच्या प्रवाशाला सांगावे लागत नाही. सोबत चपात्या, सुकी भाजी, खर्डा आणि प्रत्येकी दोन बाटल्या पाणी. धरणावर जाताना पाणी कशाला, म्हणून मुली हसत होत्या.

आमच्या लहानपणी कल्याण सुटले की भातखाचरे सुरू होत. आता शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वासिंद असे एकेक स्टेशन मागे जाते आणि प्रत्येक स्टेशनाबाहेर नव्या इमारती उभ्या दिसतात. 'स्टेशनपासून चालत पाच मिनिटे' अशा पाट्या आसनगावपर्यंत भेटतात. चालत पाच मिनिटे म्हणजे कोणाच्या पायांनी, हे पाटीवर लिहिलेले नसते. मधल्या मोकळ्या जागेत वीटभट्ट्या. शेताची माती भट्टीत, भट्टीची वीट इमारतीत. खडवलीच्या पुलाखाली भातसा नदी दिसली. तिचे पाणी मुंबईच्या निम्म्या नळांना जाते, असे मुलींना सांगितले तेव्हा त्या पहिल्यांदा खिडकीतून बाहेर पाहू लागल्या.

गर्दी वाढली हे खोटे नाही. आम्ही कारकून माणसे, आकड्यांशिवाय आमचे समाधान होत नाही. बृहन्मुंबईची लोकसंख्या १९५१ साली सुमारे ३० लाख होती. १९७१ मध्ये ती ६० लाखांवर आली आणि १९९१ मध्ये ९९ लाख झाली. २०११ च्या जनगणनेत ती १ कोटी २४ लाख भरली. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, म्हणून पुढचा पक्का आकडा आम्ही देत नाही. परंतु या आकड्यांच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबईत साडेचार लाखांच्या आसपासच भर पडली. कुलाबा ते माहीम-शीव या मूळ शहरात तर माणसे कमी झाली. ३३ लाखांवर होती, ती ३१ लाखांच्या खाली आली. त्याच दहा वर्षांत तेव्हाचा ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला आणि देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा ठरला. पुढे २०१४ मध्ये त्यातून पालघर वेगळा झाला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, गिरण्यांच्या जागी मनोरे आले, लालबाग-परळची पोरे डोंबिवली, बदलापूर, नालासोपाऱ्याला राहायला गेली. ज्याला शहरात परवडले नाही तो रेल्वेच्या रुळावरून पुढे सरकला. आम्ही खिडकीतून पाहत होतो ती हीच पुढे सरकलेली मुंबई.

आटगावला उतरलो. स्टेशनाबाहेर आदिवासी बाया करवंदे आणि जांभळे पानांच्या द्रोणात घेऊन बसल्या होत्या. दहा-दहा रुपयांचे द्रोण घेतले. एका जीपवाल्या दादाशी भाव ठरला आणि आम्ही तानसाच्या रस्त्याला लागलो. अंतर बारा-तेरा किलोमीटर.

या रस्त्यावर तुमची सोबत करतात त्या जलवाहिन्या. मुंबईत याच वाहिन्या घाटकोपर, कुर्ला, वांद्रे भागांतून जातात. तिथे आपण त्यांच्याकडे पाठ करून राहतो. इथे सागाच्या रानात त्या एकदम मोठ्या दिसतात. आमच्यातला सर्वांत उंच गडी आत ताठ उभा राहील एवढ्या व्यासाच्या. कुठे जमिनीवर, कुठे दगडी टेकूंवर. जीपवाला दादा म्हणाला, "साहेब, ह्यो पाइप दिवसरात वाहतो. कान लावा, आवाज येतो." जीप थांबवून आम्ही खरेच कान लावला. आत धो-धो नाही, एक जड घुमणारा आवाज. मुलींनी दोन-दोनदा कान लावला.

रान मात्र सुंदर. साग, ऐन, मोह, पळस, मधेच बांबूची बेटे. मेचा महिना, त्यामुळे साग निष्पर्ण. तानसाचे जंगल १९७० पासून अभयारण्य आहे. शंभर वर्षांहून जास्त काळ ज्या पक्ष्याचा पत्ता नव्हता आणि जो १९९७ साली नंदुरबारकडे पुन्हा सापडला, तो वनपिंगळा २०१४ मध्ये याच तानसाच्या रानात दिसला. मुंबईपासून लोकलच्या अंतरावर! हे जंगल राहिले याचे एक कारण धरणच आहे, हेही मान्य केले पाहिजे. तलावात स्वच्छ पाणी यायचे तर भोवतालचे डोंगर राखावे लागतात. विहार आणि तुळशी हे तलाव बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहेत. ते नसते तर तो डोंगर तरी आज हिरवा दिसला असता का, अशी शंका येते.

मुंबईच्या तलावांचा इतिहास म्हणजे शहराच्या वाढीची रोजकीर्दच आहे. पूर्वी शहर विहिरी आणि तळ्यांवर जगत होते. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावे आज नुसती पत्त्यात उरली आहेत, तळी बुजली. माणसे वाढली तसे ते पाणी अपुरे आणि घाण झाले. मग मिठी नदीच्या उगमाकडे बांध घालून विहार तलाव झाला आणि १८६० मध्ये शहराला नळाचे पाणी मिळाले. १८७२ च्या शिरगणतीत शहर ६ लाख ४४ हजारांचे होते आणि विहार पुरेना. १८७९ मध्ये तुळशी आला. तोही पुरेना. मग साहेब सरळ तानसा नदीपर्यंत आला, आणि १८९२ मध्ये व्हाइसरॉय लॅन्सडाउन यांच्या हस्ते तानसा धरणाचे उद्‌घाटन झाले. स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये वैतरणा नदीवर मोडकसागर झाले, अभियंता मोडक यांच्या नावाचे. १९७० च्या दशकात अप्पर वैतरणा, १९८० च्या सुमारास भातसा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. लोकसंख्येचा आकडा एक पायरी चढला की शहर एक नदी पुढे सरकते, असा हा दीडशे वर्षांचा हिशेब.

प्रत्येक नोंदीला समोरच्या बाजूची नोंद असते, हे बी. कॉम.ला पहिल्याच वर्षी शिकवतात. मुंबईच्या खात्यात पाणी जमा झाले, ते नावे कोणाच्या पडले?

तानसाची भिंत दगडी आहे आणि लांबीला सुमारे २८०० मीटर, म्हणजे आमच्या वस्तीपासून स्टेशनापर्यंत जाऊन परत येण्याइतकी. वर जायला परवानगी लागते. पहारेकरी दादा सभ्य होते, पण नियमाला पक्के. तेव्हा बाजूच्या उंचवट्यावरूनच दर्शन घेतले. पाणी आत खोल सरकले होते. काठाला मातीचे पट्टे पडले होते. जिथवर पाणी असायला हवे तिथपासून पाण्यापर्यंत एवढे अंतर होते की दोन बगळे चालताना मुंग्यांएवढे दिसत. एक वयस्कर काका, ज्यांनी सगळे आयुष्य गिरणीत घालवले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपण नळ बंद न करता दात घासतो ना, ते इथनं येतं." 

जेवण मोहाच्या सावलीत केले. जीपवाला दादा आमच्यात जेवायला बसला. बाटल्यांतले पाणी तोवर संपत आले होते. भरून घेऊ म्हटले तर तो म्हणाला, "माझ्या पाड्याला चला. पाणी देतो की नाय बघा, पण चहा देतो."

पाड्याचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. मुख्य वस्ती ठाकूर समाजाची, पाच-सहा घरे कातकऱ्यांची. जलवाहिनीपासून चालत पंधरा मिनिटांवर. दारात कुडाच्या भिंती, सारवलेले अंगण आणि अंगणात हंडे, कळश्या, निळे पिंप. सगळे रिकामे. एका कोपऱ्यात नवा नळ उभा होता, सिमेंटच्या छोट्या खांबाला लावलेला. त्यावर योजनेचे नाव रंगवलेले. घरोघरी नळाची योजना देशात २०१९ पासून सुरू आहे. माणशी रोज ५५ लिटर असा तिचा हिशेब. इथे नळ आला होता. एका पोराने तो आमच्यासमोर फिरवून दाखवला. नळाने हवाही सोडली नाही.

पाण्याची जागा म्हणजे ओढ्यातली विहीर. बायकांबरोबर आम्हीही उतरलो. विहिरीच्या तळाशी परातीएवढे पाणी. एक बाई आत उतरून वाटीने कळशी भरत होती, बाकीच्या वर नंबर लावून. दिवसाआड टँकर येतो आणि याच विहिरीत पाणी ओततो. मग सगळ्या एकदम दोर सोडतात. ज्या घरात पोहऱ्याला ताकद लावणारे कोणी नाही, त्यांच्या वाट्याला गाळ. आमच्या ताईंनी एका आजींना विचारले, "आजी, पाऊस तर तुमच्याकडे बक्कळ पडतो ना?" आजी म्हणाल्या, "पडतो की. आभाळ फाटल्यावानी पडतो. पन ऱ्हात नाय. दगड पानी धरीत नाय बाय. खाली जातं, तुमच्याकडं."

आजींनी जे सांगितले तेच भूगोलाच्या पुस्तकात आहे. शहापूर तालुक्यात पावसाळ्यात मुंबईइतका किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. पण जमीन काळ्या पाषाणाची, वर मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र. पाणी मुरत नाही, नद्यांना मिळते आणि नद्यांवर धरणे आहेत. तानसा आणि भातसा याच तालुक्यातली, वैतरणेवरची शेजारी. धरणाच्या पाण्यावर वरच्या पाड्यांचा हक्क कागदावर फारसा नाही, आणि पाणी वर चढवायला वीज लागते. म्हणून फेब्रुवारी-मार्च उजाडला की तालुक्यात टँकर फिरू लागतात. तालुक्याची तहान भागवायला इगतपुरीकडच्या भावली धरणातून पाणी आणण्याची योजना करावी लागली! पोटात भातसा आणि तानसा असलेल्या तालुक्याला नाशिक जिल्ह्यातून पाणी. भातसाच्या पाण्याखाली ज्यांची घरे गेली, त्यांतली काही कुटुंबे तर पुनर्वसनासाठी कित्येक दशके दाद मागत राहिली.

चहा झाला. काळा चहा, गुळाचा. तो घेताना आम्हाला संकोच वाटला, कारण त्या पातेल्यात किती जणींच्या वाट्या रिकाम्या झाल्या असतील ते आम्ही नुकतेच पाहिले होते. नको म्हणणे म्हणजे त्या माऊलीचा अपमान. सगळ्यांनी अर्धा-अर्धा कप घेतला.

परतीच्या आधी अंगणातच बसून आम्ही पाठकोऱ्या कागदावर थोडा हिशेब मांडला. मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळते. २०११ ची लोकसंख्या धरून भागले तर माणशी ३०० लिटरच्या वर येते. त्यात कारखाने, हॉटेले, कार्यालये आहेत हे मान्य. आता शहापूर तालुका पाहा. २०११ मध्ये लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर. प्रत्येकाला योजनेप्रमाणे रोज ५५ लिटर दिले तर लागते पावणेदोन कोटी लिटर. म्हणजे मुंबईच्या पाण्याचा अर्धा टक्कासुद्धा नाही! आमच्या मुलींनी भागाकार दोनदा करून पाहिला.

हिशेब इथे थांबत नाही. मुंबईत तरी सर्वांना ३०० लिटर कुठे मिळते? २०११ च्या जनगणनेत मुंबईतले ५२ लाख लोक, शंभरातले बेचाळीस, झोपडपट्टीत राहत होते. आणि महापालिकेचे पाणीवाटपाचे प्रमाण वर्षानुवर्षे झोपडपट्टीत माणशी ४५ लिटर, इमारतीत माणशी १३५ लिटर असे चालत आले. ५२ लाखांना ४५ लिटरने गुणा. साडेतेवीस कोटी लिटरच्या आतच उत्तर येते. म्हणजे कागदावरच्या मापाने शंभरातल्या बेचाळीस माणसांना शंभरातले सहा लिटर. जी वस्ती उशिरा वसली तिला तर तेवढेही अधिकृतपणे मिळत नव्हते. पाणी हक्क समितीने त्याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की झोपडी अनधिकृत असली तरी आतल्या माणसाला पिण्याचे पाणी नाकारता येणार नाही. आणि 'माणसं वाढली म्हणून पाणी पुरत नाही' हे वाक्य सर्वांत जास्त कोणाकडे बोट दाखवून म्हटले जाते? याच ४५ लिटरवाल्यांकडे.

आता कोणी म्हणेल, हे समाजाचे कार्यकर्ते, यांना लोकसंख्या वाढलेली चालते. तसे मुळीच नाही. वाचकांस माहीत असेल की संततिनियमनाचा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देश स्वतंत्र होण्याच्या कितीतरी आधी विधिमंडळात नेला होता. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीची होणारी झीज, कुटुंबाचे दारिद्र्य, आणि मूल हवे की नको हे स्त्रीला ठरवता आले पाहिजे, हे मुद्दे त्यात होते. ठराव फेटाळला गेला. त्याहीआधी १९२१ मध्ये र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले होते. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते बाबासाहेबच. १९३८ साली जे फेटाळले तेच सरकारने १९५२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून हाती घेतले. बाबासाहेबांच्या मांडणीत स्त्री मध्यभागी होती, हे मात्र वाटेत हरवले. भिंतीवर लाल त्रिकोण आला, कार्यालयांना उद्दिष्टे आली. आणीबाणीत, १९७६ मध्ये, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकसुद्धा संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून बरे. त्या काळात पोलिसांची गाडी कोणाच्या वस्तीत आधी शिरत होती, हे उत्तरेकडच्या गोरगरिबांना विचारावे.

पाड्यावर आमच्या ताईंनी हा विषयही काढला. बायकाबायकांचे बोलणे, आम्ही पुरुष जरा लांब सरकून बसलो. नंतर ताईंनी सांगितले ते असे. चहा देणाऱ्या आजींना नऊ मुले झाली, पाच जगली. त्यांच्या सुनेला दोन मुले, आणि दुसऱ्या बाळंतपणानंतर तिने स्वतःहून शस्त्रक्रिया करून घेतली. कारण विचारले तर ती म्हणाली, "दोन शिकतील. नऊ नुसती पाणी वाहतील." ती सातवीपर्यंत शिकलेली. तिची मुलगी आश्रमशाळेत आठवीत आहे.

ही एकट्या पाड्याची गोष्ट नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातल्या स्त्रीला सरासरी सहाच्या आसपास मुले होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तो आकडा २ वर आला आणि महाराष्ट्रात १.७ वर. दोनाच्या जरा वर आकडा असला की लोकसंख्या पुढे स्थिर होते, म्हणजे महाराष्ट्र त्याच्याही खाली गेला आहे. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये भारत चीनला मागे टाकून पहिला झाला. कारण सोपे आहे. पूर्वी जन्मलेली पिढी तरुण आहे, तिची मुले कमी असली तरी बेरीज काही काळ वाढतच राहते. आणि माणूसही जास्त जगतो, ही तर आनंदाची गोष्ट. सुनेने आजींपेक्षा सात मुले कमी केली. पण तिच्या विहिरीत त्यामुळे एक कळशी वाढली नाही. वाढली ती इमारतीतल्या माणसाची गरज. एका फ्लॅटला तीन संडास, प्रत्येकाची टाकी, शॉवर, गाडी धुणे, बागेला फवारा आणि पाणी शुद्ध करणारे ते यंत्र, जे एक ग्लास देताना त्याहून जास्त मोरीत सोडते. हीच सवय आपल्याही घरांत शिरते आहे. आमच्या वस्तीतून पुनर्वसनाच्या इमारतीत गेलेल्या कुटुंबांना विचारा, पहिल्या महिन्यात बादल्या किती गेल्या.

आणि वापरून झालेले पाणी कुठे जाते? आणण्यासाठी शंभर किलोमीटर नळ घातले, सोडण्यासाठी खाडी जवळ होती. ज्या मिठीच्या उगमाकडे विहार बांधला, तिच्या खालच्या अंगाने आज शहराचे सांडपाणी वाहते. तिचे पात्र भराव घालून कोणी आवळले, विमानतळाच्या धावपट्टीने की नव्या व्यापारी संकुलाने की काठच्या झोपड्यांनी, यावर २६ जुलै २००५ नंतर बरीच चर्चा झाली. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. चर्चेनंतर पहिला बुलडोझर कुठे फिरला ते वाचकच सांगतील. तानसाच्या जलवाहिनीलगतच्या झोपड्यांचेही तेच. सुरक्षेसाठी त्या हलवणे भागही असेल. परंतु कुटुंबे नेली ती माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. तिथली हवा राहण्याजोगी नाही ही तक्रार न्यायालयापर्यंत गेली आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्या कुटुंबांना तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, असे म्हटले.

आता पुढची नदी ठरली आहे, गारगाई. वाडा तालुक्यात धरण बांधून मुंबईला रोज ४४ कोटी लिटर पाणी आणायचे. कधी हा प्रकल्प बाजूला ठेवला, समुद्राचे पाणी गोडे करू म्हटले, पुन्हा गारगाई वर काढला. त्यात आदिवासी गावे हलवावी लागतील आणि तानसा अभयारण्यातले जंगल बुडेल. झाडांचा आकडा लाखांत आहे. पलीकडे मुरबाडमध्ये काळू नदीवरचे धरण, महानगराच्या उपनगरांसाठी. वनखात्याची मंजुरी नसताना चाललेले त्याचे काम २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने थांबवले, ते तिथल्या आदिवासींनी लढा दिला म्हणून.

आम्ही विकासाच्या विरुद्ध नाही. आमच्या नळालाही पाणी हवे आहे, आणि उद्या नव्या माणसाला मुंबईत पोट भरायला यायचे असेल तर त्याला येऊ नको म्हणणारे आम्ही कोण? आपले आजे-पणजे असेच आले. पण कागदावरचा दुसरा भागाकार ऐका. मुंबईच्या पाण्यातला पाव ते तिसरा हिस्सा गळती, चोरी आणि मोजमापाबाहेर जातो असे म्हटले जाते. कमीत कमी, पाव हिस्सा धरला तरी रोज ९६ कोटी लिटर होतात. दोन गारगाई. शहरात सात ठिकाणी सांडपाणी शुद्ध करण्याची नवी केंद्रे बांधायला घेतली आहेत. त्यातले पाणी पिऊ नका, पण संडासाला, बागेला, बांधकामाला, कारखान्याला ते वापरले तर किती नद्या वाचतील याचा हिशेब अभियंत्यांनी लोकांसमोर मांडावा. पावसाळ्यात छपरावरचे पाणी साठवण्याचा नियम नव्या इमारतींना कधीपासून लागू आहे. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत त्या टाकीत जुन्या खुर्च्या ठेवलेल्या आहेत.

निघण्यापूर्वी पाड्यावरच्या बायकांनी आमच्याकडे एकच गोष्ट मागितली. "तुम्ही हापिसातली माणसं, आमचा अर्ज लिहा." मग जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून अर्ज लिहिला. टँकर दिवसाआड न येता रोज यावा आणि येण्याची वेळ ठरलेली असावी. टँकरचे पाणी विहिरीत न ओतता त्यासाठी वेगळी टाकी बसवावी आणि तिला चार तोट्या असाव्यात. पावसाआधी विहिरीतला गाळ काढावा. बसवलेल्या नळाला पाणी कोणत्या महिन्यात सोडणार ते लेखी कळवावे. शेवटचा मुद्दा त्या सातवी शिकलेल्या सुनेचा. आम्ही 'लवकरात लवकर' असे लिहिले होते, तिने ते खोडायला लावले. खाली एकतीस जणींची नावे. बावीस सह्या, नऊ अंगठे. आमच्या मुलींनी सुवाच्य अक्षरात नक्कल केली.

अर्ज पुढच्या मंगळवारी संबंधित कार्यालयात दिला आणि पोच घेतली. दहा दिवसांनी टँकर रोज येऊ लागल्याचा जीपवाल्या दादाचा फोन आला. टाकी पावसाळा संपता संपता बसली, चारऐवजी दोन तोट्यांची. चौथ्या मुद्द्यासाठी आम्ही दोन स्मरणपत्रे पाठवली आहेत, पोच फाइलला लावलेली आहे.